पित्ताची गोळी : कधी, कशी आणि किती दिवस?

आमच्या तलवाड्यात "पित्त झालंय" हे वाक्य दिवसातून किती वेळा कानी पडते याची मोजदाद करणे कठीण. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हाला तर ते खातेदारांच्या रांगेतून रोजच ऐकू येते. अनुदानाचे पैसे काढायला येणाऱ्या वृद्ध माणसांच्या प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि औषधाच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या अशा तीन वस्तू हमखास असतात. एकदा एका मावशींनी पासबुकाबरोबर एक पट्टीच आमच्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, "साहेब, वाचून सांगा बरं, ही कशाची हाय?" ती पँटोप्राझोलची, म्हणजे पोटातील आम्ल कमी करणारी गोळी होती. "किती दिवसांपासून घेता?" असे विचारले तर उत्तर आले, "लई दिस झाले. नातू आणून देतो."

त्या पट्टीवर लाल रेघ होती आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विक्री करावी असा इंग्रजी मजकूर बारीक अक्षरात छापला होता. तो मजकूर मावशींना वाचता येत नव्हता आणि नातवाने वाचलेला नव्हता. प्रस्तुत लेख त्या नातवासाठी, म्हणजे आमच्या मंडळाच्या शिकणाऱ्या मुलामुलींसाठी प्रामुख्याने लिहिला आहे. आम्ही डॉक्टर नव्हेत, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु घरात दोन प्रसंग असे घडले की या विषयाची माहिती आम्हाला मिळवावीच लागली. ती वाचून आणि डॉक्टरांना विचारून मिळवली आहे.

आधी ते पित्तच आहे काय?

पहिला प्रसंग आमच्या थोरल्या चुलत्यांचा. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. वय साठीच्या आसपास, तंबाखूची सवय, तब्येत मात्र काटक. एका लग्नाच्या पंगतीहून आल्यावर रात्री दहाच्या सुमारास त्यांना छातीत जळजळ सुरू झाली. तेलकट खाणे झाले होते, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. घरातल्या डब्यातून पित्ताची गोळी काढून आम्हीच त्यांच्या हातावर ठेवली. तासाभराने त्यांनी सोड्याचे पाणी मागितले, तेही दिले. त्यांना घाम येत होता. उन्हाळ्याचे दिवस म्हणून आम्ही पंखा त्यांच्याकडे वळवला. पहाटे तीन वाजता डावा हात जड झाल्याचे ते म्हणाले तेव्हा गाडी शोधण्याची धावपळ सुरू झाली. दवाखान्यात पोहोचलो, परंतु फार उशीर झाला होता. तो हृदयविकाराचा झटका होता.

गोळीने तात्यांचे काही वाईट केले नाही. तिने फक्त आमचे पाच तास घेतले. जळजळ आहे, गोळी दिली आहे, आता आराम पडेल, या समजुतीवर आम्ही बसून राहिलो. हृदय आणि अन्ननलिका छातीत अगदी शेजारी आहेत. दोहोंकडून येणाऱ्या वेदनेच्या संवेदना एकमेकींत मिसळतात, त्यामुळे दुखणे कोठले आहे हे रोग्याला स्वतःला नेहमी ओळखता येत नाही. मधुमेही, वृद्ध माणसे आणि स्त्रिया यांच्यात हृदयविकार पुष्कळदा केवळ मळमळ, अपचन किंवा थकवा याच रूपाने येतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या, रक्तदाब किंवा साखर असलेल्या माणसाला नव्यानेच छातीत आग होऊ लागली, त्याबरोबर घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, चालल्यावर वाढणारा दाब यांपैकी काहीही असले तर गोळीची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. ही विनामूल्य रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ सालापासून चालू आहे. हृदयाचा आलेख काढल्यावर पित्तच निघाले तर चांगलेच, त्यात लाज कसली?

पोटाच्या बाबतीतही काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यास घरगुती उपचार थांबवावेत. घास गिळताना अडकणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, उलटीतून रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे पडणे, कारण नसताना वजन उतरणे, अंगातील रक्त कमी होणे, ही त्यांतली मुख्य. अशा वेळी दुर्बिणीने तपासणी करावी लागते. गोळी घेत राहिल्याने जळजळ शमते आणि आतला व्रण किंवा गाठ तशीच वाढत राहते, हा खरा धोका आहे.

गोळी काय करते?

आपल्या जठरात जे आम्ल तयार होते ते हायड्रोक्लोरिक आम्ल. ते अन्नातील प्रथिने पचवायला मदत करते आणि अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारते. जठराला आतून चिकट अस्तर असल्याने ते स्वतः भाजत नाही. अन्ननलिकेला असे अस्तर नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायूंचा झडपेसारखा भाग सैल पडला की आम्ल वर येते आणि छातीत आग होते, आंबट पाणी घशाशी येते. आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुधा हे आम्लच असते. यकृतातून येणारे हिरवे कडू पित्त ही निराळी वस्तू.

अर्ध्या शतकापूर्वीपर्यंत यावर थंड दूध, सोडा, पांढरी पातळ औषधे आणि शेवटी शस्त्रक्रिया एवढेच उपाय होते. दुधाने घटकाभर बरे वाटते, पण त्यातील प्रथिने आणि चुना पुन्हा आम्ल वाढवतात. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडिन हे औषध आले. त्याचे शोधकर्ते सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ मध्ये रॅनिटिडिन आले आणि १९८८ मध्येच स्वीडनमध्ये ओमेप्राझोल विक्रीस आले. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही त्याचीच पुढची भावंडे. या औषधांनी किती माणसांचे रक्तस्राव थांबवले आणि किती जणांची पोटाची शस्त्रक्रिया टाळली हे विसरून चालणार नाही. आमचा लेख या गोळीविरुद्ध नाही.

'प्राझोल' या शेपटाच्या गोळ्यांची एक गोष्ट समजली की ती घ्यायची वेळही आपोआप समजते. जठराच्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे अतिसूक्ष्म पंप असतात. जेवण आले की ते पंप सुरू होतात. गोळी रक्तातून त्या पेशींपर्यंत पोहोचते आणि चालू असलेल्या पंपांनाच कुलूप घालते, बंद पंपांवर तिचा अंमल चालत नाही. म्हणून ती जेवणाआधी अर्धा ते एक तास, शक्यतो सकाळच्या न्याहारीपूर्वी घ्यायची. आपल्याकडे बहुतेक जण जेवल्यावर आग झाली की घेतात, किंवा झोपताना घेतात, आणि "गोळी लागू पडत नाही" म्हणून दोन घेतात. शिवाय ती पहिल्याच दिवशी पूर्ण काम करीत नाही, तीन-चार दिवस लागतात. तत्काळ आराम हवा असेल तर ते काम पातळ अँटासिडचे. मात्र अँटासिड इतर गोळ्यांचे शोषण बिघडवते, म्हणून दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. खाण्याचा सोडा आणि फसफसणारी पूड यांत सोडियम फार असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ती सवयीने घेऊ नये.

आणखी एक. ही गोळी फोडून, कुटून किंवा चावून घेऊ नये. तिच्यावरचे आवरण जठरातील आम्लापासून औषध वाचवण्यासाठीच असते. म्हाताऱ्या माणसांना गिळता येत नाही म्हणून घरोघरी गोळी खलबत्त्यात कुटली जाते. तसे केल्यास औषध आम्लातच नष्ट होते. गिळण्याची अडचण डॉक्टरांना सांगावी, त्यांना दुसरा प्रकार लिहून देता येतो.

एक गोळी दुसरीला आणते

आता दुसरा प्रसंग, आमच्या आईचा. गुडघे दुखतात म्हणून तिला वेदनाशामक गोळी सुरू झाली. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी जठराच्या अस्तराला इजा होते, म्हणून डॉक्टरांनी त्यासोबत पोटाची गोळी लिहिली. ते योग्यच होते. महिनाभरात वेदनाशामक बंद झाले. पोटाची गोळी मात्र चालूच राहिली, कारण चिठ्ठीवर ती बंद करण्याची तारीख नव्हती आणि आम्ही ती विचारलीही नव्हती. दर महिन्याला आम्ही रिकामी पट्टी दुकानात दाखवायची आणि नवी आणायची, असे तीन वर्षे चालले. बँकेत ठेवीच्या प्रत्येक पावतीवर मुदतीची तारीख पाहणारा माणूस घरातल्या गोळीची मुदत पाहायला विसरला!

पुढे आईच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, थकवा वाढला. रक्त तपासले तर ब-१२ जीवनसत्त्व फार कमी. डॉक्टरांनी समजावले की अन्नातून हे जीवनसत्त्व सुटे व्हायला जठरातील आम्ल लागते. आम्ल दोन-तीन वर्षे दाबून ठेवले तर ते कमी पडू शकते. त्यात आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू होते, तेही ब-१२ कमी करते. दोन्हींचा मिळून परिणाम झाला असावा. इंजेक्शने घेतल्यावर मुंग्या बऱ्याच कमी झाल्या.

दीर्घकाळ घेतल्यास इतरही गोष्टी आढळल्या आहेत. रक्तातील मॅग्नेशियम कमी होणे, वृद्धांत खुब्याचे हाड मोडणे, आतड्याचा जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाला सूज. भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचा इशारा घालण्यास कंपन्यांना सांगितले. अर्थात यांतील बहुतेक धोके एका माणसापुरते पाहिले तर लहान आहेत, आणि गोळी घेणाऱ्यांत एखादा आजार जास्त आढळला म्हणजे तो गोळीनेच झाला असे सिद्ध होत नाही. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी फायदा मोठा आहे. गरज संपलेल्या माणसाला मात्र फायदा शून्य आणि धोका तेवढाच राहतो.

आमच्या बीड जिल्ह्यात वेदनाशामकाचा प्रश्न घरापुरता नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मोळ्या वाहून कंबर भरून येते, दुखण्यासाठी दिवस मोडला तर खाडा पडतो. म्हणून पहाटे रिकाम्या पोटी चहाबरोबर वेदनाशामक गोळी घेऊन कोयता हाती धरला जातो, आणि मग पोट जळते म्हणून दुसरी गोळी. पोटाची गोळी जठराला काहीसे वाचवते हे खरे, पण वेदनाशामकाने मूत्रपिंडावर जो ताण पडतो तो ती कमी करीत नाही. उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या शरीराला तो ताण जास्तच जाणवतो. मंडळाचे जे तरुण अशा कुटुंबांतून शिकत आहेत त्यांनी घरच्यांना निदान एवढे तरी सांगावे की वेदनाशामक उपाशीपोटी घेऊ नका आणि रोज घेऊ नका.

नावाच्या शेवटची अक्षरे

दुकानात मिळणाऱ्या कॅप्सूलच्या नावापुढे पुष्कळदा 'डी' किंवा 'डीएसआर' अशी अक्षरे असतात. त्या 'डी'चा अर्थ डॉमपेरिडोन, म्हणजे मळमळ थांबवणारे दुसरे औषध त्यात मिसळले आहे. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर त्याचा परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये ते अल्प मात्रेत आणि साधारण आठवडाभरच वापरावे असा निर्णय दिला. आपल्याकडे हीच कॅप्सूल महिनोन् महिने घेतली जाते. काहींत लेव्होसल्पिराइड असते, त्याने वृद्धांत हातांचा कंप आणि अंगाचा ताठरपणा येऊ शकतो. तेव्हा चिठ्ठीवर साधी गोळी असताना "तीच आहे, थोडी भारी आहे" म्हणून अक्षरे वाढवलेली घेऊ नये.

इतर औषधांशीही या गोळीचे नाते पाहावे लागते. हृदयात स्टेंट बसवलेल्यांना क्लोपिडोग्रेल असते. ओमेप्राझोल त्याचा परिणाम घटवू शकते असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली दिला. अशा रुग्णाला डॉक्टर दुसरी गोळी निवडतात. लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांचे शोषणही आम्ल कमी झाल्याने घटू शकते. गरोदर स्त्रीने तर कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये.

रॅनिटिडिनची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. चाळीस वर्षे ही गोळी जगभर घराघरांत होती, आमच्या लहानपणी तर 'झिनटॅक' आणि 'रॅनटॅक' ही नावे मोठ्यांच्या तोंडी असत. २०१९ मध्ये तिच्यात एनडीएमए नावाचे, कर्करोगास कारण ठरू शकणारे द्रव्य आढळले. ते गोळी साठवल्यावर काळानुसार वाढते, उष्णतेने अधिक वाढते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ती बाजारातून काढून घ्यायला सांगितले. भारतात बंदी आली नाही, परंतु सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून तिला वगळण्यात आले. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची झळ काय असते हे तलवाड्याच्या वाचकांना सांगायला नको. ज्यांच्या डब्यात जुन्या पट्ट्या पडून असतील त्यांनी त्या वापरू नयेत. याच गटातील फॅमोटिडिनमध्ये हा दोष आढळला नाही, डॉक्टरांना विचारून ती घेता येते.

बंद कशी करावी, आणि कोणी करू नये

छातीत जळजळीसाठी हा कोर्स सामान्यतः चार ते आठ आठवड्यांचा असतो. त्यानंतर डॉक्टरांना दाखवून पुढचे ठरवायचे. परंतु येथे एक फसवी गोष्ट आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी १२० निरोगी, कधी पित्त न झालेल्या माणसांवर एक प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. गोळी थांबवल्यावर पुढील चार आठवड्यांत खरी गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के जणांना जळजळीसारखा त्रास झाला, दुसऱ्या गटात तो १५ टक्क्यांना झाला. म्हणजे आम्ल दाबून ठेवले की शरीर त्याची भरपाई करायला यंत्रणा वाढवते आणि कुलूप निघताच ते उसळून येते. माणसाला वाटते, रोग परत आला, गोळीवाचून आपले चालत नाही! म्हणून दीर्घकाळ घेतलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा निम्मी करीत, मग एक दिवसाआड, अशी उतरवतात आणि मधल्या दिवसांत अँटासिडचा आधार देतात. दोन-चार आठवड्यांत उसळी बहुधा बसते.

लेख वाचून सर्वांनीच उद्या गोळी टाकून द्यावी असे मात्र नव्हे. ज्यांना पूर्वी जठरातून रक्तस्राव झाला आहे, जे हृदयासाठी ॲस्पिरिन व रक्त पातळ करणारी औषधे एकत्र घेतात, ज्यांच्या अन्ननलिकेला गंभीर जखमा आहेत, त्यांना ही गोळी वर्षानुवर्षे आवश्यक असते. अशांनी ती स्वतःहून थांबवणे जिवावर बेतू शकते.

आणि वारंवार पोटात व्रण होणाऱ्यांनी एक तपासणी जरूर विचारावी. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये दाखवले की जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू व्रणाचे मोठे कारण आहे. कोणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन आजार ओढवून घेतला. २००५ चे नोबेल दोघांना मिळाले. जंतू असेल तर आम्ल कमी करणाऱ्या गोळीसोबत प्रतिजैविकांचा साधारण दोन आठवड्यांचा कोर्स पूर्ण करावा लागतो. नुसत्या पित्ताच्या गोळीने तो जात नाही, उलट श्वासाच्या आणि शौचाच्या तपासणीपूर्वी ही गोळी दोन आठवडे बंद ठेवली नाही तर जंतू असूनही अहवाल चुकीचा येऊ शकतो.

गोळी उतरवताना घरचे उपायही लागतात. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून तो भाग अर्धा फूट उंच करावा. नुसत्या दोन उशांनी पोट दुमडते आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यास आम्ल कमी वर येते. पट्टा किंवा परकराची नाडी आवळून बांधू नये. वाढलेले पोट कमी करावे. तंबाखू, मिसरी आणि दारू यांबद्दल आम्ही येथे अधिक लिहीत नाही, मंडळाच्या बैठकीत ते पुष्कळदा बोलून झाले आहे. तिखटाचे म्हणाल तर प्रत्येकाचे पोट निराळे. ज्या पदार्थाने स्वतःला त्रास होतो तो ओळखावा, सरसकट भाजी-आमटी फिकी करून घरादाराला शिक्षा देण्याचे कारण नाही.

गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथे जाताना आता आम्ही आईची सर्व औषधे एका कागदावर लिहून नेतो. नाव, मात्रा, कोणी दिले, केव्हा सुरू झाले. त्यापुढे एक रकाना ठेवला आहे, "कधी बंद?" हा प्रश्न विचारल्याने एकही डॉक्टर आमच्यावर रागावलेले नाहीत. एका डॉक्टरांनी तर कागद पाहून आणखी दोन गोळ्यांवर काट मारली. आईची पित्ताची गोळी सध्या एक दिवसाआड चालू आहे, पुढची तपासणी येत्या महिन्यात. खाटेखाली विटा ठेवल्या आहेत, रात्रीची भाकरी ती साडेसातला खाते. पाट्यावरचा ठेचा मात्र तिने सोडलेला नाही, आणि त्याबाबत डॉक्टरांनीही फार ताणलेले नाही.